फोन सांगतो तो ‘जी’ किती खरा? ट्रॅकवर नव्याने जाणाऱ्यांसाठी

पहिल्या ट्रॅक डेहून (बंद रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) परत आल्यावर रात्री दोनपर्यंत मी स्वतःचाच व्हिडिओ बघत बसलो होतो. काचेला चिकटवलेल्या फोनने शूटिंग केलं होतं आणि अ‍ॅपने कोपऱ्यात एक गोल काढून दिला होता. त्यात एक लाल ठिपका ब्रेक दाबला की पुढे आणि वळण आलं की बाजूला पळत होता. डावीकडच्या वळणावर ठिपक्याशेजारी आकडा होता १.०७ जी (जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या पटीत मोजलेला प्रवेग), आणि तशाच उजव्या वळणावर फक्त ०.७९. मी हिशेब केला की उजवीकडे आपण भितोय, टायरमध्ये अजून पुष्कळ पकड शिल्लक आहे. पुढच्या खेपेला त्या उजव्या वळणात जास्त वेगाने शिरलो. गाडीची शेपूट सुटली, गाडी गर्रकन फिरली आणि मातीत जाऊन थांबली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब.

वाहन-चाचणीत काम करणाऱ्या एका मित्राला मी तो व्हिडिओ दाखवला. त्याने विचारलं, ‘वळणाची त्रिज्या किती आणि वेग किती?’ उपग्रह नकाशावर मोजली तर दोन्ही वळणांची त्रिज्या साधारण ४५ मीटर निघाली. जीपीएसवर दोन्हीकडे वेग होता ताशी ७० किलोमीटर. वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याच्या वर्गाला त्रिज्येने आणि मग ९.८ ने भागलं आणि उत्तर आलं ०.८६ जी, दोन्ही वळणांवर. म्हणजे मी उजवीकडे आधीच टायरच्या टोकावर होतो आणि फोन मला अजून जागा आहे असं सांगत होता.

तेव्हापासून ट्रॅकवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की फोन वापरा, पण आधी एक दुपार खर्च करून त्याची परीक्षा घ्या. महाराष्ट्रातून पूर्ण लांबीच्या ट्रॅकवर जायचं म्हणजे कोइम्बतूरची २.१ किलोमीटरची कारी, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं ५.१ किलोमीटरचं बुद्ध सर्किट. एवढा प्रवास करून, पैसे मोजून मिळणारी मिनिटं मोजकी असतात. ती फोनशी झगडण्यात घालवू नयेत. खालची बरीचशी कामं घरीच होतात.

आधी हे समजून घ्या: सेन्सरला काय कळतं

फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे सिलिकॉनच्या चिपमध्ये कोरलेला, केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेला एक इवलासा तुकडा. फोनला रेटा मिळाला की तो तुकडा मागे राहतो, त्याच्या आणि शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर बदलतं आणि त्या बदलाचा विद्युत संकेत होतो. गाडी, रस्ता, वळण यातलं त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून टेबलावर निवांत पडलेला फोनसुद्धा शून्य दाखवत नाही, वरच्या दिशेने १ जी दाखवतो, कारण टेबल त्याला खालून रेटत असतं.

एसटीत डोळे मिटून उभे राहा. अंग एका बाजूला ओढलं जातं तेव्हा गाडी वळली म्हणून, की रस्ताच तिरका होता म्हणून, हे डोळे उघडल्याशिवाय सांगता येत नाही. फोनचीही तीच अडचण आहे. वळणाचा जोर आणि तिरकेपणामुळे शिरलेलं गुरुत्व त्याच्याकडे एकाच आकड्यात मिसळून येतं. फोन १ अंशाने कलला तर ०.०१७ जी खोटे जमा होतात, ५ अंशांनी ०.०९ आणि १० अंशांनी ०.१७. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका यातूनच निघतात.

आकड्याचा अंदाज अंगात मुरावा म्हणून एक सोपी जोड: १ जी म्हणजे दर सेकंदाला वेगात ताशी ३५ किलोमीटरचा फरक. साध्या टायरवरची साधी गाडी सपाट डांबरावर वळणात ०.८ ते ०.९ जीपर्यंत धरून राहते, चांगले टायर असतील तर १ च्या आसपास. जोरदार ब्रेकिंगही कोरड्या रस्त्यावर ०.९ ते १ च्या घरातलंच. शंभरचा वेग गाठायला १२ सेकंद घेणाऱ्या हॅचबॅकचा सरासरी प्रवेग पाव जीसुद्धा नसतो. तुमच्या व्हिडिओत अशा गाडीला वळणभर १.३ दिसत असेल, तर गाडीचं कौतुक करण्याआधी फोन तपासा.

पायरी १: घरच्या टेबलावर सहा बाजू

सेन्सरची कच्ची आकडेवारी दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने तयार केलेलं ‘फायफॉक्स’ फुकट आहे आणि या कामाला उत्तम. त्यात गुरुत्वासह त्वरण (म्हणजे प्रवेग) आणि गुरुत्व वगळून त्वरण असे दोन वेगळे प्रयोग दिसतील. आपल्याला हवा गुरुत्वासहचा.

फोनचं कव्हर काढा. सपाट टेबलावर फोन पाठीवर ठेवा, १० सेकंद थांबा, उभ्या अक्षावरचा आकडा लिहा. मग पालथा ठेवा, पुन्हा लिहा. मग डाव्या कडेवर, उजव्या कडेवर, वरच्या, खालच्या. कडेवर उभा करायला दोन जाड पुस्तकांचा आधार द्या. कॅमेऱ्याचा फुगवटा टेबलाला टेकला की फोन तिरका बसतो, तेव्हा फुगवट्याचा भाग टेबलाच्या कडेबाहेर लोंबता ठेवा. ही बारीक गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग फोनला दोष देतात.

समजा उताण्या फोनने ९.९१ (मीटर प्रति सेकंद वर्ग, यात १ जी म्हणजे सुमारे ९.८) दाखवलं आणि पालथ्याने उणे ९.६५. दोन्हींची बेरीज करून निम्मी करा: ०.१३. एवढी त्या अक्षावरची कायमची खोट, म्हणजे सुमारे ०.०१३ जी. आता वजाबाकी करून निम्मी करा: ९.७८. ही झाली मोजपट्टी. शाळेत ९.८१ पाठ केलं असलं तरी मुंबई-पुण्याकडे गुरुत्वाचं खरं मूल्य ९.७८ ते ९.७९ आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत. म्हणजे या फोनची मोजपट्टी अगदी बरोबर निघाली, फक्त शून्य थोडं सरकलेलं आहे.

बहुतेक फोनमध्ये असंच आढळतं. एका अक्षावर ०.०१ ते ०.०४ जीची खोट निघाली तर चिंता करू नका. त्याहून बरीच जास्त निघाली, तर टेबल खरंच सपाट आहे ना ते आधी बघा, मग फोन बदलायचा विचार करा.

याच वेळी आणखी एक परीक्षा उरकून घ्या. फोन उन्हात ठेवून चांगला तापू द्या आणि पाठीवरचं माप पुन्हा घ्या. तापमानाबरोबर शून्य सरकतं. मे महिन्यात काचेमागे बसवलेला फोन शूटिंग करता करता किती तापतो हे वेगळं सांगायला नको. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी भोवतालच्या हवेचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं असं सांगतं. आपल्याकडे ते सकाळी अकरालाच ओलांडलं जातं. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग कामाचा वेग कमी करतो, आणि शेवटी रेकॉर्डिंग बंद पडतं. त्यामुळे फोनवर एसीचा झोत येईल अशी जागा असेल तर ती निवडा, आणि सत्रांच्या मध्ये फोन सावलीत काढून ठेवा.

पायरी २: फोन बसवणं

इथे कंजूषी नको. लांब, वाकणाऱ्या दांडीचा होल्डर घेऊ नका. तो स्वतःच डुलतो आणि फोन गाडीऐवजी होल्डरचं डुलणं मोजतो. आखूड, ताठ हाताचा, काचेला किंवा डॅशबोर्डला घट्ट बसणारा होल्डर हवा. बसवल्यावर फोनला बोटाने टिचकी मारा. फोन हलताना नुसत्या डोळ्यांनी दिसला तर तो होल्डर नापास.

फोनचा पडदा गाडीच्या लांबीशी काटकोनात असावा. थोडा जरी चालकाकडे वळवला तरी ब्रेकचा आकडा वळणाच्या आकड्यात सांडतो: १० अंश वळवलेल्या फोनवर ०.९ जीच्या सरळ ब्रेकिंगमध्ये ०.१६ जीचं खोटं वळण दिसतं. काही अ‍ॅप गाडी चालू झाल्यावर दिशा स्वतः ओळखतात, पण त्यांना सरळ रस्त्यावर दोन-चार ठळक ब्रेक आणि रेस मिळाल्या तरच ते जमतं.

आणि फोनला दोरी बांधा. सुटा फोन ट्रॅकवर पेडलखाली जाऊ शकतो. चांगले आयोजक स्क्रुटिनीच्या (ट्रॅकवर सोडण्याआधीच्या गाडी-तपासणीच्या) वेळी हे बघतातच, पण त्यांनी नाही बघितलं तरी तुम्ही बघा.

पायरी ३: शून्य करणं

अ‍ॅपमध्ये कॅलिब्रेशनचं किंवा शून्य करण्याचं बटण असतं. ते दाबलं की अ‍ॅप म्हणतं, आत्ता फोन ज्या कोनात आहे तोच सपाट. म्हणजे त्या क्षणी गाडी तिरकी उभी असेल तर दिवसभराचा प्रत्येक आकडा तिरका. पिट लेन (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात ती गल्ली) आणि पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. शंभराला दोन एवढा उतार डोळ्यांना जाणवत नाही, पण तो ०.०२ जी खातो.

त्यासाठी हेल्मेट घालून, पट्टे लावून स्वतः सीटवर बसा, कारण चालक उजवीकडे बसल्याने गाडी किंचित उजवीकडे झुकते आणि ट्रॅकवरही ती तशीच असणार आहे. इंजिन बंद ठेवा, शून्य करा. मग गाडी वळवून त्याच जागी उलट तोंड करून उभी करा आणि आकडा वाचा. शून्य आलं तर जागा सपाट. ०.०४ आलं तर जागेचा उतार त्याच्या निम्मा, ०.०२. दुसरी जागा शोधा किंवा तेवढी दुरुस्ती वहीत लिहा.

शून्य केल्यानंतर फोन जागचा हलवायचा नाही. सत्रांच्या मध्ये काढलात तर पुन्हा बसवल्यावर शून्यही पुन्हा करा. माझ्या १.०७ आणि ०.७९ चा उलगडा इथेच आहे. शून्य केल्यावर मी फोन काढून चार्जरला लावला आणि पुन्हा बसवला, तो होल्डरमध्ये साधारण ८ अंश तिरका बसला. ८ अंश म्हणजे ०.१४ जी. डाव्या वळणात ते मिळवले गेले, उजव्यात वजा झाले. दोन्ही आकड्यांची सरासरी काढा: ०.९३. पण खरा आकडा तर ०.८६ होता. उरलेले ०.०७ कुठून आले, ते पुढच्या पायरीत कळेल.

पायरी ४: गोल फेरी

बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, पण ही परीक्षा कराच. सेन्सरची खोट, गाडीचं झुकणं आणि अ‍ॅपने आत केलेली चलाखी, तिन्ही गोष्टी इथे उघड्या पडतात.

बंद आवारातलं, परवानगी घेतलेलं, डांबराचं किंवा काँक्रीटचं मैदान हवं, किमान ६० मीटर रुंद. खडीवर किंवा मातीवर नको. ऑटोक्रॉसच्या (मैदानात शंकूंमधून वेळेशी शर्यत) सरावासाठी कुणी मैदान घेत असेल तर त्यांच्याकडे अर्धा तास मागा. मधोमध खूण करा, तिथून १३.५ मीटरच्या दोरीने खडूचं वर्तुळ आखा आणि त्यावर शंकू ठेवा. गाडी शंकूंच्या बाहेरून अशी चालवायची की गाडीचा मध्य केंद्रापासून साधारण १५ मीटरवर राहील. शेजारी एक जण घड्याळ घेऊन बसवा.

वेग स्थिर ठेवून पाच फेऱ्या मारा, एकूण वेळेला पाचाने भागा. आता ६०.५ ला त्या सेकंदांच्या वर्गाने भागा. जे उत्तर येईल तो खरा जी. फेरीला १२ सेकंद लागले तर ०.४२, १० सेकंद लागले तर ०.६०. (त्रिज्या १५ मीटर असेल तरच हा ६०.५ चालतो.) दहा सेकंदांची फेरी म्हणजे ताशी ३४ किलोमीटरसुद्धा नाही, पण अंगाला वळण चांगलंच जाणवतं. आधी १२ सेकंदांनी सुरुवात करा. तुमची रेषा अर्धा मीटर इकडेतिकडे झाली तर उत्तरात शेकडा तीनचा फरक पडतो, आपल्या कामाला तेवढं चालतं.

डावीकडून फेऱ्या झाल्या की उजवीकडून. समजा दहा सेकंदांच्या फेरीत फोनने डावीकडे ०.६८ आणि उजवीकडे ०.५८ दाखवले. दोन्हींतल्या फरकाचा निम्मा, म्हणजे ०.०५, हा शून्य सरकल्याचा दोष. सरासरी ०.६३, खरा आकडा ०.६०. वरचे ०.०३ हे गाडीच्या झुकण्याचे. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, फोनही तिच्याबरोबर कलतो आणि गुरुत्वाचा थोडा भाग वळणाच्या आकड्यात मिळवतो. मऊ सस्पेन्शनच्या गाडीत ०.८६ जीच्या वळणाला ४ अंशांचं झुकणं सहज येतं. ते झाले ०.०७ जी, माझ्या व्हिडिओतले उरलेले. ब्रेक मारताना नाक खाली जातं आणि रेस देताना शेपूट बसते, तेव्हाही हाच प्रकार. म्हणजे गाडीचं झुकणं आकडा नेहमी फुगवतंच. कडक सस्पेन्शनची गाडी आणि मऊ गाडी यांची फोनवरून तुलना केली तर मऊ गाडी उगाच भारी ठरते, ती यामुळेच. ट्रॅकला आतल्या बाजूला उतार दिलेला असेल तर मात्र उलट होतं आणि आकडा कमी दिसतो.

आता अ‍ॅपची चलाखी. गोल फेरी चालू असताना आकड्याकडे शेजाऱ्याला नीट बघायला सांगा. वळणात शिरताना ०.६ दिसून दोन-तीन सेकंदांत तो आपोआप घसरत ०.३, ०.१ असा शून्याकडे गेला, आणि गाडी मात्र तशीच गोल फिरते आहे, असं होतं का? होत असेल तर त्या अ‍ॅपवर वळणासाठी कधीही विसंबू नका. गुरुत्व वेगळं काढण्यासाठी ते अ‍ॅप एक सोपी युक्ती वापरतंय: जे बराच वेळ टिकतं ते गुरुत्व समजायचं आणि वजा करून टाकायचं. अँड्रॉइडच्या विकासकांसाठीच्या मार्गदर्शनात अशा गाळणीचा नमुना उदाहरण म्हणून दिलेला आहे. फोन हातात हलवला तर ती झकास चालते. पण चार सेकंदांचं लांब वळण तिच्या दृष्टीने ‘बराच वेळ टिकणारं’ असतं, आणि मग वळणच गुरुत्व म्हणून वजा होतं. वर वळण संपल्यावर सरळ रस्त्यावर उलट्या दिशेचा खोटा जी दिसतो. व्हिडिओत ठिपका वळणाच्या मध्यावर केंद्राकडे येताना दिसला तर आता कारण ओळखाल.

जायरोस्कोपची (फोन किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरची) मदत घेऊन गुरुत्व वेगळं काढणारी अ‍ॅप बरीच सुधारलेली असतात, पण खूप लांब वळणात तीही थोडी घसरतात. एकदा शून्य करून तोच कोन कायम धरणारं अ‍ॅप घट्ट बसवलेल्या फोनसाठी मला जास्त भरवशाचं वाटतं. त्याची चूक निदान स्थिर असते आणि वहीत लिहून दुरुस्त करता येते.

पायरी ५: ब्रेक

सरळ, रिकाम्या, बंद पट्टीवर ताशी ६० ला शंकूपाशी पूर्ण ब्रेक मारा आणि थांबल्यावर अंतर मोजा. १८ मीटरमध्ये थांबलात तर सरासरी ०.७९ जी. तेवढ्या वेळाची फोनची सरासरी काढा आणि शेजारी लिहा. सर्वोच्च आकडा बघू नका. तो नाक आपटल्याच्या किंवा रस्त्यावरच्या उंचवट्याच्या क्षणाचा असतो. याच धावेत वळणाचा आकडा शून्याजवळ राहतो का तेही बघा, नसेल तर फोन कोनात बसलाय. पायरी २ कडे परत जा.

हे करताना मागून येणारं वाहन नको, म्हणून सार्वजनिक रस्ता नको. ताम्हिणी, वरंध किंवा जुना मुंबई-पुणे घाट या कामासाठी नाहीत, पहाटे पाच वाजतासुद्धा नाहीत. तिथे वळणापलीकडे माणसं चालत असतात.

हादरे आणि गाळणी

गाडीचा खरा प्रवेग सावकाश बदलतो, सेकंदात दोन-तीनदा. पण त्यावर इंजिनची थरथर, कर्बचे (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांचे) ठोके, काचेचं कंपन स्वार असतं. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ५,८८० फेऱ्यांवर सेकंदाला ९८ वेळा थरथरतं. अ‍ॅप सेकंदाला ५० नोंदी घेत असेल आणि मधल्या नोंदी न गाळता नुसत्या टाकून देत असेल, तर ती थरथर सेकंदाला दोन हेलकाव्यांसारखी दिसते, अगदी खऱ्या डुलण्यासारखी. फिरणाऱ्या पंख्याची पाती व्हिडिओत कधी सावकाश उलटी फिरताना दिसतात, तोच हा प्रकार. एकदा असं घुसलेलं डुलणं नंतर कुठल्याही गाळणीने निघत नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये नोंदींचा दर निवडता येत असेल तर सगळ्यात जास्त, शक्यतो २०० किंवा त्याहून वरचा निवडा आणि मगच आकडे सौम्य करा.

सौम्य करण्याचीही किंमत असते. एका सेकंदाची सरासरी काढली की आकडा अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. ताशी १०० ला अर्धा सेकंद म्हणजे १४ मीटर, ब्रेकिंगची खूण ओळखायची असेल तर हे फार झालं. मी नवख्यांना पाव ते अर्ध्या सेकंदाची सरासरी सुचवतो. रेकॉर्डिंगनंतर संगणकावर सौम्य करता आलं तर उशीर काढूनही टाकता येतो.

कार्टिंगवाल्यांसाठी दोन शब्द. कार्टला, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाडीला, सस्पेन्शन नसतं, म्हणून झुकण्याची चूक जवळजवळ नाही. पण प्रत्येक ठोका थेट फोनला बसतो. सेन्सरची मर्यादा ओलांडली गेली की आकड्यांची टोकं छाटली जातात, आणि छाटलेल्या आकड्यांची सरासरीही चुकते. आलेख टोकाला सपाट दिसत असेल तर ती नोंद सोडून द्या.

वेग आणि अंतर जीपीएसलाच विचारा

प्रवेगाची बेरीज करत गेलं की वेग मिळतो, हे गणित कागदावर बरोबर आहे. पण फोनमधली ०.०२ जीची छोटी खोट एका मिनिटात वेगात ताशी ४२ किलोमीटरची चूक घालते आणि अंतरात साडेतीनशे मीटरची. म्हणून वेगासाठी जीपीएस.

जीपीएसची उणीव वेगळी. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा सांगतात. ताशी १२० ला तेवढ्यात ३३ मीटर निघून जातात आणि १२० वरून ६० वर येणारं जोरदार ब्रेकिंग जेमतेम दोन सेकंदांचं असतं. म्हणजे त्यातले दोन-तीनच ठिपके हाती लागतात. सेकंदाला १० ते २५ नोंदी देणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर ब्लूटूथने जोडला की चित्र पालटतं. रेसक्रोनो, हॅरीज लॅपटायमर, ट्रॅकअ‍ॅडिक्ट या तिन्हींना तो जोडता येतो. अशा रिसीव्हरवरून काढलेल्या जीमध्ये गाडीच्या झुकण्याची चूक येत नाही, कारण तो आकडा गाडी प्रत्यक्षात गेली त्या रेषेवरून येतो. वर्षातून तीन-चार ट्रॅक डे करणार असाल, तर नवा फोन घेण्याआधी हा घ्या. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या ठिकाणी ड्रॅगची (सरळ पट्टीवरच्या वेगाच्या शर्यतीची) वेळ मोजायची असेल तर त्याला पर्यायच नाही.

पायरी ६: चित्र आणि आकडा जुळवणं

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर फोनच्या कडेवर बोटाने तीन ठळक टिचक्या मारा. आवाजात त्या ऐकू येतील आणि आलेखात तीन सुळके दिसतील. संगणकावर दोन्ही एकाखाली एक ठेवा. सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेमच्या) व्हिडिओत एक चौकट म्हणजे ३३ मिलिसेकंद, त्या हिशेबाने आलेख पुढेमागे सरकवा. सत्र संपल्यावर गाडी थांबवून पुन्हा तीन टिचक्या मारा. सुरुवातीला जुळलेलं शेवटी जुळत नसेल, तर फोनने मध्ये चौकटींचा दर बदललाय. गरम झालेले फोन हे हटकून करतात. मग व्हिडिओ स्थिर दरात रूपांतरित करून घ्यावा लागतो.

बाइकवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं

गाडीसाठी लिहिलेलं वरचं बरंचसं बाइकला लागू होत नाही. बाइक वळणात आत झुकते आणि ती बरोब्बर तेवढीच झुकते, ज्याने सगळा जोर तिच्या स्वतःच्या उभ्या अक्षातून खाली जाईल. तसा तो गेला नाही तर बाइक पडेल. त्यामुळे टाकीवर बसवलेल्या फोनला बाजूचा जोर जवळजवळ जाणवतच नाही. ४० अंश झुकलेल्या बाइकवर वळणाचा खरा जी ०.८४ असतो, फोन दाखवतो शून्याच्या आसपास. त्याच वेळी उभ्या अक्षावर मात्र १ ऐवजी १.३१ दिसतात. अ‍ॅक्सेलरोमीटरवरून झुकाव काढणारं अ‍ॅप या क्षणी बाइक सरळ उभी आहे असं सांगेल.

बाइकवर जायरोस्कोप आणि जीपीएस दोन्ही वापरणारंच अ‍ॅप घ्या. पडताळा म्हणून उभ्या अक्षाचा आकडा बघा: सपाट वळणात तो स्थिरपणे १.१५ असेल तर झुकाव सुमारे ३०, १.३१ असेल तर ४०, १.४१ असेल तर ४५ अंश. तुम्ही सीटवरून आत लोंबकळत असाल तर बाइकचा कोन याहून थोडा कमी असेल.

आणखी एक काळजी घ्या. मोठ्या इंजिनाच्या बाइकची थरथर फोनच्या कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या यंत्रणेला दीर्घकाळ बसत राहिली तर बिघडवू शकते, असं अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. थेट हँडलला फोन बसवू नका, कंपन शोषणारा होल्डर घ्या. त्या होल्डरमुळे जीचे आकडे थोडे मऊ होतील, ते होऊ द्या. शक्यतो शूटिंग वेगळ्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर करा आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात नुसता जीपीएससाठी ठेवा.

वहीत काय लिहायचं

माझ्या वहीत प्रत्येक ट्रॅक डेसाठी एक ओळ असते: फोन, होल्डरची जागा, शून्य कुठे केलं, हवेचं तापमान, गोल फेरीत डावा-उजवा फरक किती, झुकण्यामुळे किती वाढ, सरासरी किती सेकंदांची. सध्याच्या फोनची ओळ अशी आहे: डावा-उजवा फरकाचा निम्मा ०.०२, झुकण्याची वाढ वळणात शेकडा सात, ब्रेकला शेकडा पाच, सरासरी ०.४ सेकंद. व्हिडिओवर आकडा टाकण्याआधी मी तेवढं वजा करतो. एकाच फोनवर, एकाच होल्डरमध्ये, एकाच दिवशीच्या दोन लॅपची तुलना मी बिनधास्त करतो, कारण तिथे चूक दोन्हीकडे सारखीच असते. दुसऱ्याच्या व्हिडिओतल्या आकड्याशी तुलना करायची वेळ आली, तर आधी त्याला वळणाची त्रिज्या आणि वेग विचारतो.